अर्ध्यावर तुटलेलं डाउनलोड: 'रिझ्यूम' का अडतं आणि काय करायचं

म्हैसूरजवळच्या कडकोळहून मी पुन्हा तुमच्यासमोर. आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. मोठी फाइल उतरवायला लावली, अर्धी-पाऊण उतरली आणि जोडणी तुटली. आपण 'रिझ्यूम' दाबतो, आणि एक तर 'फेल्ड' असं उत्तर येतं किंवा आकडा गुपचूप शून्यावर जाऊन बसतो. असं का होतं, आणि आधी उतरलेला भाग कसा वाचवायचा, ते आज पाहू. ज्यांच्या घरी फायबर आहे ते म्हणतील, पुन्हा उतरवा की, दहा मिनिटांचं काम. हा भाग त्यांच्यासाठी नाही. दिवसाला दीड-दोन जीबी मोबाइल डेटा मिळतो आणि त्यातच सगळा संसार चालवायचा असतो, त्यांच्यासाठी आहे.

व्हिडिओत मी आज्ञा पडद्यावर टाइप करून दाखवल्या होत्या. पुस्तकात त्या शब्दांत सांगतो, थोडं सावकाश वाचा.

उदाहरण खरं घेऊ. निपाणीच्या एका काकांनी वडिलांच्या कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी एका ठिकाणी देऊन डिजिटल करून घेतल्या. सगळं मिळून ११ जीबीची झिप फाइल. मेलवर दुवा आला, त्याची मुदत सात दिवस. पहिले दोन दिवस मेल पाहण्यातच गेले. मग रोज दोन जीबीच्या आत-बाहेर करत पाच दिवसांत ९ जीबी उतरले, आणि त्याच रात्री लाइट गेली. सकाळी दुव्याची मुदत संपलेली. गणित बघा: पुन्हा शून्यापासून सुरू केलं तर ११ जीबीला सहा दिवस, आणि त्यात एकदा जरी तुटलं तरी नवा दुवाही हातचा जाणार. काकांनी एक शहाणपणा केला. काही दाबायच्या आधी त्यांनी फोन केला. त्यांच्या फाइलचं काय झालं ते पुढे येईलच, आधी रिझ्यूम म्हणजे नक्की काय ते समजून घेऊ.

आमच्या कडकोळला रेल्वेच्या कंटेनरांचा मोठा तळ आहे, म्हणून उदाहरण तिथलंच सुचतं. समजा शंभर पेट्यांचा माल यायचा आहे. साठ आल्या आणि वाहतूक बंद पडली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाठवणाऱ्याला सांगता, "साठ पोचल्या, एकसष्टावीपासून पाठवा." हे जमायला चार गोष्टी लागतात. पाठवणाऱ्याला मधूनच पाठवता आलं पाहिजे. तुम्हाला माल मिळण्याचा हक्क अजून शाबूत असला पाहिजे. माल तोच असला पाहिजे, रात्रीत बदललेला नको. आणि तुमच्या गोदामातल्या साठ पेट्या खरंच साठ आणि धड असल्या पाहिजेत. रिझ्यूमच्या जवळपास सगळ्या तक्रारी या चारांपैकी कुठेतरी येऊन बसतात. म्हणून 'एरर आली' एवढ्यावर थांबायचं नाही, कोणती आली ते वाचायचं.

ही सोय वेबला जन्मापासून नव्हती. मोडेमच्या काळात चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये झेडमोडेम नावाची पद्धत काढली, तिच्यात तुटलेलं काम पुढे चालू करता येत असे. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा वेबच्या अधिकृत नियमांत मात्र मधला तुकडा मागण्याची तरतूद नव्हती. ती जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ च्या पहिल्या आवृत्तीबरोबर आली. आजही तोच नियम चालतो, फक्त नव्याने लिहून काढलाय.

आता तो संवाद ऐका. काकांची फाइल सोयीसाठी बरोब्बर ११ जीबी धरू, म्हणजे ११,८१,११,६०,०६४ बाइट. उतरलेली ९ जीबी, म्हणजे ९,६६,३६,७६,४१६ बाइट. तुमचा संगणक सर्व्हरला म्हणतो, "बाइट क्रमांक ९,६६,३६,७६,४१६ पासून पुढचं दे." मोजणी शून्यापासून असते, म्हणून उतरलेले बाइट जितके, तोच पुढच्या बाइटचा क्रमांक. सर्व्हरला हे मान्य असेल तर तो २०६ हा आकडा उत्तरात पाठवतो आणि सोबत सांगतो की अमुकपासून तमुकपर्यंत देतोय, एकूण इतके. २०६ आलं की समजा गाडी रुळावर आहे.

२०६ ऐवजी २०० आलं तर सर्व्हर म्हणतोय, "मधूनबिधून काही नाही, घ्या सगळी पहिल्यापासून." तुमचा आकडा शून्यावर का गेला, त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. काही सर्व्हरना ही सोयच नसते. काही वेळा फाइल तयारच नसते. एखाद्या ऑनलाइन साठवणीतला आख्खा फोल्डर तुम्ही मागता, तेव्हा तिथली यंत्रणा झिप बनवत बनवत पाठवते. जी वस्तू अजून बनतेय तिचा साठावा भाग कुठे आहे हे तिलाच माहीत नसतं. अशा डाउनलोडमध्ये एकूण आकार दिसत नाही, नुसतेच उतरलेले एमबी वाढत राहतात. ही खूण लक्षात ठेवा. तिथे फोल्डर न मागता आतल्या फाइली एकेक करून उतरवा.

२०० येण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते चांगलं आहे. सर्व्हर प्रत्येक फाइलला एक खूण देतो, तिला ई-टॅग म्हणतात. कंटेनरच्या सीलवरच्या नंबरासारखं समजा. चांगला ब्राउझर रिझ्यूम मागताना म्हणतो, "सील तेच असेल तर उरलेलं दे, नाहीतर सगळं नवं दे." मधल्या काळात फाइल बदलली असेल तर तुम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. वैताग येतो, पण जुन्या फाइलचं डोकं आणि नव्या फाइलचं धड चिकटवण्यापेक्षा ते बरं.

तसं चिकटवणारी साधनंही आहेत, हे सांगायला हवं. डब्ल्यूगेट हे फार चांगलं साधन, मी वर्षानुवर्षं वापरतोय. पण त्याच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की तुमच्याकडचा भाग हा सर्व्हरवरच्या फाइलचाच सुरुवातीचा भाग आहे का, हे त्याला तपासता येत नाही. ते फक्त लांबी बघून पुढचं जोडतं. फाइल बदलली असेल तर डाउनलोड शंभर टक्के पूर्ण, एकही एरर नाही, आणि फाइल खराब. मला विचाराल तर सगळ्यांत वाईट एरर म्हणजे ही न दिसणारी.

हे कुठे होऊ शकतं? विकिपीडियाचा सगळा मजकूर एकत्र उतरवून घेता येतो, मराठीचाही. तिथे तारखेचे फोल्डर असतात आणि 'लेटेस्ट' नावाचाही एक असतो. 'लेटेस्ट'चा दुवा दिसायला कायम तोच, पण नवी प्रत आली की तो तिच्याकडे वळतो. आठवडाभर रोज थोडं थोडं उतरवणाऱ्याने तारखेचाच दुवा घ्यावा. किविक्सच्या ऑफलाइन विकिपीडियाच्या फाइलींच्या नावातच वर्ष आणि महिना असतो. इंग्रजीची चित्रांसकट फाइल १०० जीबीच्या वर जाते, तेव्हा ही गोष्ट चैनीची राहत नाही.

आता ४०३, म्हणजे 'फॉरबिडन'. क्रोममध्ये 'फेल्ड – फॉरबिडन' दिसतं ते हेच. याचा अर्थ फाइल गेली असा घेऊ नका. बहुतेक वेळा दुव्याची मुदत संपलेली असते. हल्ली मोठ्या फाइलींचे दुवे सहीचे असतात, त्या लांबलचक पत्त्यात मुदत आणि सही गुंफलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या पानावर विंडोजची आयएसओ फाइल घ्यायला गेलात तर दुवा २४ तास चालेल असं तिथेच लिहिलेलं असतं. दोन जीबी रोजवाल्याला पाच-सहा जीबीची फाइल २४ तासांत कशी मिळणार, हा प्रश्न हे दुवे आखणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. काही ठिकाणी दुवा तुमच्या इंटरनेटच्या पत्त्याशी बांधलेला असतो. मोबाइल डेटा बंद-चालू झाला, पत्ता बदलला, की मुदतीतही ४०३.

उपाय एकच: त्याच फाइलचा नवा दुवा मिळवायचा आणि जुन्या अर्धवट फाइलला तो जोडायचा. ब्राउझरला हे सहसा जमत नाही, आणि इथेच लोकांचे जीबी बुडतात. म्हणून पहिली गोष्ट: ब्राउझर पूर्ण बंद करा आणि अर्धवट फाइलची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा. क्रोममध्ये तिच्या नावाला 'सीआरडाउनलोड' असं शेपूट असतं, फायरफॉक्समध्ये 'पार्ट'. काही प्रकारचा नकार आला की ब्राउझर अर्धवट फाइल पुसूनही टाकतो, म्हणून प्रत आधी, रिझ्यूम नंतर. तुम्ही स्वतः 'कॅन्सल' दाबलंत तर ती जाणारच. कॅन्सल आणि पॉझ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग कामाला येतं कर्ल. डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये या नावाने बाहेर आणलेलं हे साधन विंडोज १० मध्ये २०१८ पासून आयतंच मिळतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. प्रतीचं नाव बदलून मूळ फाइलचं करा, कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्या फोल्डरमध्ये जा. आता टाइप करा: कर्ल, जागा, आडवी रेघ आणि कॅपिटल सी, जागा, पुन्हा एकटी आडवी रेघ. ही एकटी रेघ म्हणजे 'कुठून सुरू करायचं ते फाइलची लांबी बघून तूच ठरव'. पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि कॅपिटल एल, म्हणजे दुवा दुसरीकडे वळवत असेल तर मागे जा. मग आडवी रेघ आणि छोटा एफ. मग आडवी रेघ आणि छोटा ओ, जागा, फाइलचं नाव. शेवटी नवा दुवा दुहेरी अवतरणचिन्हांत. अवतरणचिन्हं विसरू नका. सहीच्या दुव्यांत 'अँड'चं चिन्ह असतं आणि कमांड प्रॉम्प्ट तिथेच आज्ञा तोडतो, मग अर्धाच दुवा जाऊन पुन्हा ४०३ येतं.

तो छोटा एफ कशाला? तो नसेल तर मुदत संपलेल्या दुव्यावरही कर्ल ३३ नंबरची एरर देतं, जिचा अर्थ 'सर्व्हरला रिझ्यूमची सोय दिसत नाही'. माणूस उगीच सर्व्हरला दोष देऊन मोकळा होतो. छोटा एफ असेल तर २२ नंबरची एरर येते आणि सोबत खरा आकडा, ४०३ किंवा ४०४, दिसतो. आकडा दिसला की पुढचं ठरवता येतं.

सर्व्हर मधूनच द्यायला तयार आहे का, हे डेटा न जाळता आधीच बघता येतं. कर्लला आडवी रेघ आणि छोटा आर देऊन पुढे '०-०' लिहा, म्हणजे पहिला एकच बाइट मागितला. सोबत आडवी रेघ आणि छोटा व्ही दिलात की दोघांचं संभाषण पडद्यावर दिसतं. त्या एका बाइटसाठी २०६ आलं तर सोय आहे, आणि फाइलची एकूण लांबीही तिथेच कळते. २०० दिसलं तर लगेच कंट्रोल आणि सी दाबून थांबवा, नाहीतर सगळी फाइल यायला लागेल. काही जण फक्त हेडर मागून तपासतात. साध्या दुव्याला ते चालतं, पण सहीचे काही दुवे फाइल घेण्यापुरतेच सही केलेले असतात, तिथे नुसते हेडर मागितले तरी ४०३ येतं आणि गैरसमज होतो.

काकांना त्या संस्थेने नवा दुवा दिला. पहिला बाइट मागून पाहिला: २०६, आणि एकूण लांबी जुन्याइतकीच. पण लगेच जोडलं नाही, कारण लाइट गेली होती. वीज अचानक जाते तेव्हा विंडोजने फाइलची लांबी नोंदवलेली असते, पण शेवटचा काही मजकूर डिस्कवर पोचलेलाच नसतो. तिथे नुसती शून्यं सापडू शकतात. लांबी बरोबर, आतला माल पोकळ. म्हणून अशा वेळी शेपटाचा थोडा भाग छाटून मग पुढे जायचं. विंडोजमध्ये 'एफएसयूटिल' या आज्ञेत 'फाइल' आणि 'सेटईओएफ' देऊन फाइल हव्या त्या लांबीला कापता येते, लिनक्सवर 'ट्रंकेट' आहे. दोन्ही प्रतीवरच चालवायच्या. काकांचे शेवटचे ६४ एमबी छाटले. ११ जीबी पुन्हा आणण्यापेक्षा ६४ एमबी काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झिप पूर्ण झाली.

अशी छाटणी आणखी एका प्रसंगी लागते. साध्या, कुलूप नसलेल्या जुन्या एचटीटीपी दुव्यावर डेटा संपला की कधी कधी फाइलऐवजी 'रिचार्ज करा'चं पान येतं आणि ते पानच फाइलच्या शेपटाला चिकटतं. पुढे कितीही नीट जोडलं तरी मधला तेवढा तुकडा खराबच राहतो.

४१६ ही एरर विचित्र वाटते, पण सोपी आहे. तुम्ही मागितलेला बाइट फाइलच्या हद्दीबाहेर आहे. एक शक्यता अशी की फाइल आधीच पूर्ण उतरलीय आणि तुम्ही संपल्यानंतरचं मागताय. डब्ल्यूगेट अशा वेळी 'करायला काही उरलं नाही' असं सरळ सांगतं. दुसरी शक्यता, तुमच्याकडची फाइल मूळ फाइलपेक्षा लांब झालीय, म्हणजे वरच्यासारखं काहीतरी चिकटलंय किंवा सर्व्हरवर वेगळीच फाइल आलीय. लांबी ताडून बघा, लगेच कळतं.

कर्लने अर्धवट फाइल जोडण्यात एक धोका आहे. काही डाउनलोड मॅनेजर वेग वाढवायला एकाच फाइलचे आठ-दहा तुकडे एकदम आणतात. त्यांची अर्धवट फाइल म्हणजे जाळीदार घावन, मध्ये मध्ये भोकं. एरिया-टू तर पुष्कळदा पूर्ण लांबीची जागा आधीच राखून ठेवतं, त्यामुळे दहा टक्के उतरलेली फाइलही आकाराने पूर्ण दिसते. कुठे काय भरलंय त्याची नोंद शेजारच्या छोट्या 'एरिया-टू' शेपटाच्या फाइलीत असते. ती छोटी फाइल कचरा समजून पुसू नका. आणि अशा तुकड्यांच्या फाइली त्याच मॅनेजरमधून पूर्ण करा, कर्लला देऊ नका.

कधी दोष सर्व्हरचा नसतोच. पेनड्राइव्हवर थेट उतरवताना ४,२९,४९,६७,२९५ बाइटांवर, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी असताना, डाउनलोड थांबत असेल तर ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा आहे. त्या पद्धतीत एका फाइलची कमाल लांबीच तेवढी. शंभरदा रिझ्यूम करा, पुढे सरकणार नाही. आतला माल दुसरीकडे हलवून ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट करा. २,१४,७४,८३,६४७ बाइटांवर थांबत असेल तर एखादा जुना प्रोग्राम किंवा जुना सर्व्हर असतो, ज्याला २ जीबीपुढे मोजता येत नाही. आणि डिस्कवर जागा आहे का, हे बघायला तर मी सांगायलाही नको.

आता पूर्ण झालेली फाइल खरी आहे का, हे कसं बघायचं? लिनक्सच्या किंवा किविक्सच्या फाइलींसोबत एसएचए-२५६ नावाची ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' या आज्ञेला आडवी रेघ आणि 'हॅशफाइल' जोडा, पुढे फाइलचं नाव आणि 'एसएचए२५६' लिहा. काही मिनिटांत तुमच्या फाइलची खूण येईल. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर निश्चिंत व्हा. नवं विंडोज किंवा लिनक्स बसवायच्या आधी हे केलंच पाहिजे, कारण खराब आयएसओवरून बसवणी अर्ध्यात अडकली तर जुनी डिस्क तोवर पुसली गेलेली असते.

काकांच्या झिपला अशी खूण कोणी दिली नव्हती. घरगुती फाइलींना नसतेच. पण झिपच्या आत प्रत्येक फाइलची स्वतःची छोटी खूण असते. सेव्हन-झिपमध्ये झिप उघडून 'टेस्ट' दाबलं की ते प्रत्येक फाइल ताडून बघतं. काकांच्या सगळ्या ताडून निघाल्या. एखादी नापास झाली असती तर तेवढ्याच कीर्तनाची फाइल वेगळी मागवता आली असती. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, म्हणून ११ पैकी ९ जीबी उतरलेली झिप विंडोजमध्ये उघडतच नाही आणि 'फाइल खराब आहे' असं म्हणते. ते ऐकून पुसू नका. सेव्हन-झिप अशा अपुऱ्या झिपमधूनही आधीच्या फाइली बऱ्याचदा बाहेर काढून देतं.

आणि जिथे टोरंटचा पर्याय अधिकृतपणे दिलेला असतो तिथे तोच घ्या. उबुंटू, डेबियन, किविक्स, इंटरनेट आर्काइव्ह, सगळीकडे तो मिळतो. आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवलीयत, त्यांच्या पानावरही टोरंट असतो. टोरंट म्हटलं की लोकांना चोरीचे सिनेमे आठवतात, त्याला काय करणार. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये ही पद्धत काढली तीच मुळी तुकड्यांवर उभी आहे. प्रत्येक तुकड्याची खूण आधीच ठाऊक असते, म्हणून तुटणं हा तिथे प्रश्नच नाही. थेट उतरवलेली आयएसओ शेवटी खूण न जुळून नापास झाली, तर तीच फाइल टोरंटच्या फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवा आणि 'फोर्स रीचेक' करा. सगळे तुकडे तपासले जातात आणि जे खराब असतील तेवढेच नव्याने येतात. पाच जीबीची फाइल काही एमबींत दुरुस्त होते.

पुढच्या भागात फोनवरच्या डाउनलोडबद्दल बोलू. तिथे अर्धवट फाइल कुठे लपलेली असते हे शोधण्यातच अर्धा भाग जाईल.